बाटली नाही, लेबल नाही, तरी गिऱ्हाईक पक्के

वसई-विरारची खरी स्थानिक 'बिअर' कारखान्यात बनत नाही, ती झाडावरून उतरते. ताडाची पोय छेदून किंवा शिंदीच्या खोडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात जमलेला गोड रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर ती गोड राहते. नाहीतर हवेतले यीस्ट काही तासांतच तिची ताडी करते. मद्यार्क साधारण ४ ते ५ टक्के, म्हणजे जवळपास बिअरइतकाच. फरक टिकाऊपणाचा: संध्याकाळपर्यंत ताडी आंबट होते आणि पुढे चक्क व्हिनेगर! म्हणूनच तिचा ब्रँड कधी दूर गेला नाही.

ताडी काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर सरकारने झाडागणिक कर बसवला, आणि परवडेना म्हणून अनेकांनी कोयती खाली ठेवली. १९४९च्या दारूबंदी कायद्याने नियंत्रण आणखी आवळले. आजही विक्रीला परवाना लागतो.

किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत ताडी पेल्यात असे तशी पिठातही असे. लग्नातले फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, तिच्यावरच फुगायचे. आता बहुतेक ठिकाणी ते काम पाकिटातले यीस्ट करते. चव तितकीशी जमत नाही, असे जुनी माणसे म्हणतात. ते पटण्यासारखे आहे.