स्थळ पसंत आहे, पण…

'उद्या स्थळ बघायला जायचंय' असं घरात कुणी म्हणालं, की आपल्या डोळ्यांपुढे पोह्यांच्या बशा आणि ठेवणीतल्या साड्या उभ्या राहतात. पण स्थळं बघत हिंडणं हाच ज्यांचा पोटापाण्याचा उद्योग, अशीही माणसं या जगात आहेत, आणि त्यांना मुलगा-मुलगी कुणाचंच कर्तव्य नसतं बरं का! ही माणसं चित्रपटासाठी जागा शोधतात. गोष्ट लिहून तयार असते. ती घडणार कुठल्या डोंगरावर, कुठल्या वाड्यात, कुठल्या नदीकाठी, ते यांनी शोधून द्यायचं.

तुम्ही म्हणाल, सिनेमा बघताना आपण नायक-नायिकेकडे बघतो, मागच्या भिंतीकडे कोण बघतंय? खरं आहे. पण ती भिंत खोटी वाटली तर नायिकेचे अश्रूही खोटे वाटायला लागतात. म्हणूनच या स्थळ बघणाऱ्यांना इतकं महत्त्व. त्यांचं काम समजून घ्यायला एक चांगलं उदाहरण आहे आयर्लंडमधल्या मीथ या परगण्याचं. तिथं जे घडलं, त्यात चार घरचं बघणाऱ्या आपल्यासारख्या बायकांनी ध्यानात ठेवावं असं बरंच आहे.

राजांचा परगणा

डब्लिन शहराच्या वायव्येला हा मीथ परगणा. हिरवीगार कुरणं, गाईगुरं, मेंढ्या, आणि मधून संथ वाहणारी बॉइन नदी. शेतीवाडीचाच मुलूख, पण ऐतिहासिक किती! टाराच्या टेकडीवर आयर्लंडचे प्राचीन महाराजे बसत, म्हणून मीथला आजही 'राजांचा परगणा' म्हणतात.

याच नदीकाठी न्यूग्रेंज नावाची एक भलीमोठी समाधी आहे. ती इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षं, म्हणजे इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी बांधली गेली. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, २१ डिसेंबरच्या आसपास, उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या एका झरोक्यातून आत शिरतो, लांबच लांब अरुंद वाटेनं थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतो आणि सुमारे सतरा मिनिटं तिथं राहतो. पाच हजार वर्षांपूर्वी, घड्याळ नाही, होकायंत्र नाही, तरी त्या माणसांनी ऊन कुठून येणार हे हेरून जागा निश्चित केली. मला तर वाटतं, जगातले पहिले स्थळ बघणारे तेच!

आजच्या स्थळ बघणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच पडतो : इथं ऊन कुठून येतं, आणि किती वेळ टिकतं? आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात दुपारच्या चहाची वेळ टळते न टळते तोच अंधारून येतं. शिवाय पाऊस केव्हा टपकेल याचा नेम नाही. आपण वाळवणं घालताना आभाळाकडे जशा बघतो ना, तसंच त्यांना सतत बघावं लागतं.

ट्रिमचं लंडन झालं

आता मुख्य गोष्ट. ट्रिम हे मीथमधलं बॉइनकाठचं छोटं गाव. तिथं बाराव्या शतकात ह्यू द लेसी या नॉर्मन सरदारानं किल्ला बांधायला घेतला. आयर्लंडमधला नॉर्मन लोकांचा हा सर्वांत मोठा किल्ला. त्याचा मधला बालेकिल्ला तर वीस बाजूंचा आहे. शतकांमागून शतकं गेली, छपरं गेली, पण दगडी भिंती उभ्या राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकीत असलेली ही वास्तू १९९३ साली सरकारनं विकत घेतली. विकणारे सरदार घराणंही हुशार! किल्ला दिला, जमीन दिली, पण नदीवर जायची वाट आणि मासेमारीचा हक्क तेवढा स्वतःकडे राखून ठेवला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९९४ मध्ये, 'ब्रेव्हहार्ट' चित्रपटाची मंडळी तिथं उतरली. स्कॉटलंडचा वीर विल्यम वॉलेस याची ती कथा. दिग्दर्शक आणि नायक मेल गिब्सन. गोष्ट स्कॉटलंडची, शत्रू इंग्लंडचा, आणि चित्रीकरणाचा बराचसा भाग मात्र आयर्लंडात! ट्रिमच्या किल्ल्याची एक बाजू यॉर्क शहर झाली आणि दुसरी बाजू लंडन. जवळच बेक्टिव्ह इथं ११४७ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. त्याचं दगडी अंगण राजवाड्याच्या कामी आलं. लढाया शेजारच्या किल्डेअर परगण्यात झाल्या. त्यासाठी आयर्लंडच्या लष्करातले राखीव जवान बोलावले होते, काही प्रसंगांत तर सोळाशेपर्यंत. त्यांना दाढी वाढवायची खास परवानगी मिळाली होती, आणि खर्च वाचावा म्हणून तेच जवान कपडे बदलून कधी स्कॉटलंडचे तर कधी इंग्लंडचे सैनिक होत. एकच साडी उलटसुलट नेसून दोन समारंभ साजरे करण्यासारखंच झालं की हे!

१९९६ च्या मार्चमध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले.

पण स्कॉटलंडची कथा आयर्लंडला का गेली? इथं देण्याघेण्याचा भाग आला. आयर्लंडमध्ये चित्रपटात पैसे गुंतवणाऱ्यांना करात सवलत मिळण्याची तरतूद होती. १९९३ पासून सांस्कृतिक खात्याचे मंत्री असलेले मायकेल डी. हिगिन्स यांनी तिचा जोरदार पाठपुरावा केला. त्याच वर्षी, काही वर्षं बंद पडलेलं आयरिश चित्रपट मंडळही पुन्हा सुरू झालं. हेच हिगिन्स पुढे २०११ पासून २०२५ पर्यंत देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. आज ती सवलत वेगळ्या कलमाखाली मिळते : साधारणपणे पात्र खर्चाच्या ३२ टक्क्यांपर्यंत. म्हणजे स्थळ नुसतं देखणं असून भागत नाही. बाकीचा हिशेबही जमावा लागतो.

देशाच्या वेशात दुसरा देश, ही आयर्लंडची जुनीच कला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी 'हेन्री द फिफ्थ'मधली फ्रान्सच्या भूमीवरची लढाई विकलो परगण्यातल्या एका जहागिरीत उभी केली, कारण आयर्लंड युद्धात तटस्थ होता. बेक्टिव्हच्या मठातही २०२० साली रिडली स्कॉट यांच्या 'द लास्ट ड्युएल'साठी चौदाव्या शतकातलं फ्रान्स अवतरलं. मधे कोरोनामुळे सगळं काम थांबलं, मग त्याच वर्षी पुन्हा सुरू झालं. आणि आपल्या सलमान-कतरिनाचा 'एक था टायगर' (२०१२) पाहिला असेल, तर डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज तुम्ही पाहिलेलंच आहे. तिथं मात्र डब्लिन हे डब्लिनच होतं.

बघायला येतात तेव्हा काय बघतात?

स्थळ बघणारा आधी पटकथा वाचतो आणि यादी करतो : एक किल्ला, एक ओढा, एक झोपडी, एक चढणीची वाट. मग गाडी घेऊन निघतो, गल्लीबोळ पालथे घालतो, शेकडो छायाचित्रं काढतो. त्यातली चार-दोन ठिकाणं पसंत पडली, की दिग्दर्शक, छायालेखक, कलादिग्दर्शक, ध्वनिमुद्रक असा सगळा गोतावळा येतो. जो तो आपल्या नजरेनं बघतो. सासूबाई स्वयंपाक विचारतात, नणंद शिक्षण विचारते, तसंच.

छायालेखक उन्हाची दिशा बघतो. ध्वनिमुद्रक डोळे मिटून कान देतो : हमरस्त्याची घरघर येते का? वरून विमानं जातात का? मीथ डब्लिनच्या विमानतळाजवळ, त्यामुळे हा प्रश्न तिथं खराच. कलादिग्दर्शक विजेच्या तारा, खांब, रस्त्यावरच्या पाट्या मोजतो, कारण तेराव्या शतकात यातलं काहीच नव्हतं. आणि व्यवस्था बघणारा विचारतो ते अगदी आपल्या लग्नघरातले प्रश्न : मोठे ट्रक इथपर्यंत येतील का? दोनशे माणसं जेवणार कुठं? संडासाची सोय काय? पाऊस आला तर आडोसा कुठला? कितीतरी नयनरम्य जागा या शेवटच्या प्रश्नांवर नापास होतात!

शेतकऱ्याला तर वेगळंच विचारावं लागतं. वसंतात मेंढ्या वितात. तेव्हा कुरणात गलका, दिवे, धावपळ चालणार नाही. हे ज्याला कळत नाही, त्याला दारातूनच परत जावं लागतं. आणि वास्तू राष्ट्रीय स्मारक असेल तर सरकारच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयाची परवानगी लागते.

पाहुणे गेल्यावर

आता काळजीची बाजू. वऱ्हाड परत गेल्यावर मांडवाचं काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

केरी परगण्यात १९६९ साली डेव्हिड लीन यांनी 'रायन्स डॉटर'साठी समुद्रकाठच्या एका टेकडीवर दगडांचं अख्खं गाव वसवलं. त्या गरीब मुलखात तेवढे महिने हाताला काम मिळालं, खाणावळी-खोल्या भरल्या. चित्रीकरण संपलं आणि ते गाव पाडून टाकलं. लांब एका टोकाला उभारलेल्या शाळेचे तेवढे पडके अवशेष मागे उरले.

त्याच केरीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्केलिग मायकेल नावाचं खडकाळ बेट आहे. जुन्या साधूंच्या दगडी झोपड्या आणि समुद्रपक्ष्यांची घरटी. युनेस्कोनं १९९६ मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवलं. २०१४ आणि २०१५ मध्ये तिथं 'स्टार वॉर्स'चं चित्रीकरण झालं, तेव्हा पक्षिप्रेमींनी जोरदार आक्षेप घेतला. चित्रपट गाजले आणि बेट बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. पण बेटावर दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहेच.

उलट ट्रिमचं बघा. सरकारनं किल्ल्याची शास्त्रशुद्ध पाहणी आणि डागडुजी केली आणि २००० साली तो लोकांसाठी खुला केला. बालेकिल्ल्यात मात्र वाटाड्याबरोबरच जावं लागतं. चित्रपटाचं नाव ऐकून आलेला माणूस आठशे वर्षांचा इतिहास ऐकून जातो. इतिहास शिकवणारी बाई म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं. किल्ला काही चित्रपटानं वाचवला नाही; आधी तो लोकांच्या हाती आला, म्हणून चित्रपटाचा फायदा त्याला पचवता आला.

आणि धोका काही फक्त सिनेमावाल्यांचा नसतो. टाराच्या टेकडीजवळच्या खोऱ्यातून नवा मोठा रस्ता काढायचं ठरलं, तेव्हा मीथमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. डब्लिनला रोज ये-जा करणाऱ्यांना तो रस्ता हवा होता, आणि जुन्या राजांच्या भूमीतून तो जाऊ नये असं इतिहासप्रेमींचं म्हणणं होतं. दोन्हीकडे माणसं खरी, अडचणी खऱ्या. २०१० मध्ये रस्ता सुरू झाला. एकदा गेलेली शांतता मागून विकत आणता येत नाही, एवढं मात्र खरं.

मुलीकडच्यांनीही विचारावं

आपल्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात प्रश्न विचारायचे ते मुलाकडच्यांनी, अशी रीत फार काळ चालली. आता मुलीही विचारतात, आणि विचारायलाच हवं. जागेचंही तसंच आहे. उद्या एखाद्या मालिकेची माणसं तुमच्या वाड्याचा चौक किंवा बंगल्याचा जिना बघायला आली, तर हुरळून लगेच 'हो' म्हणू नका. ट्रिमच्या त्या विकणाऱ्यांची आठवण ठेवा, आणि एवढं करा :

१. किती दिवस, किती तास, कुठल्या खोल्या, भाडं किती आणि कधी, हे सगळं आधी कागदावर घ्या. तोंडी शब्दावर विसंबू नका.

२. चित्रीकरणाआधी प्रत्येक खोलीची, भिंतीची, फरशीची तारखेसह छायाचित्रं काढून ठेवा.

३. मोडतोड झाली तर भरपाई कोण करणार, विमा आहे का, ते विचारा. अनामत रक्कम घ्या.

४. भिंतीला रंग लावणार, खिळे ठोकणार असतील, तर जाताना पूर्ववत करून देण्याची अट घाला. झाडलोट कोण करणार, तेही लिहा.

५. देवघर, सासू-सासऱ्यांची खोली, मुलांच्या अभ्यासाची जागा यांतलं काय द्यायचं नाही, ते आधीच सांगा. शेजाऱ्यांनाही कल्पना द्या. रात्रीचे दिवे आणि आवाज त्यांनाही सोसायचे असतात.

६. मौल्यवान आणि आठवणींच्या वस्तू आधीच हलवा. आजीची समई पैशानं भरून निघत नाही.

भाडं चार दिवसांचं असतं, घर जन्माचं. तेव्हा येणाऱ्या पाहुण्यांना चहा जरूर द्या, घरही कौतुकानं दाखवा. पण पसंती कळवायचा अधिकार दोन्ही बाजूंचा आहे, हे त्यांनाही कळू द्या.