अंगातली कणगी

सुगी झाली की आपण धान्य कणगीत भरतो आणि रोज लागेल तेवढे काढतो. पीक बुडाले तर त्याच कणगीवर घर तगते. आपल्या अंगातही अशीच एक कणगी आहे. तिचे नाव चरबी.

चरबी म्हणजे वाईट वस्तू, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चरबी अंगाला ऊब देते. आतल्या नाजूक अवयवांना गादीसारखी जपते. आजारपणात तीच कामी येते. पण कणगी नुसती भरतच राहिली, कधी उपसलीच नाही, तर काय होईल? ती फुटेल आणि धान्य भलतीकडे सांडेल. अंगातही तसेच होते. जास्तीची चरबी पोटात आणि काळजात साठू लागते. मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार मागे लागतात.

कणगी भरते कशी?

“आम्ही तूप-तेल फारसं खात नाही, मग पोट का सुटतं?” असे लोक विचारतात. त्यांनी गोठ्यातल्या म्हशीकडे बघावे. ती खाते गवत आणि कडबा. तिला कोणी लोणी चारत नाही. तरी तिच्या दुधातून लोणी निघतेच ना? आपले शरीरही भात, भाकरी, साखर, गूळ यांची चरबी करू शकते. खर्चून जे उरते, ते कणगीत जाते.

तुपा-तेलाचा जोर मात्र मोठा. अन्नातली शक्ती मोजायच्या मापाला कॅलरी म्हणतात. 1 ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, तर 1 ग्रॅम साखरेत 4.

अन्न पचले की रक्तात साखर येते. तेव्हा पोटातले स्वादुपिंड इन्सुलिन नावाचा रस रक्तात सोडते. हा कणगीचा राखणदार. तो म्हणतो, “आता भरा, काढू नका.” दिवसभर गोड चहा आणि फरसाण चालू राहिले, तर राखणदाराला उसंत नाही आणि कणगी उघडत नाही. हिशेब करून बघा. दिवसाला 4 कप चहा, कपाला 2 चमचे साखर. चमच्यात 5 ग्रॅम धरले तर महिन्याला 1 किलो 200 ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते! उपवासाला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ अशी गत होते.

कणगी उपसते कशी?

अंग कामाला लागले की ॲड्रेनॅलिन नावाचा दुसरा रस सुटतो. तो कणगीचे तोंड उघडतो. चरबी रक्तातून स्नायूंकडे जाते आणि तिथे प्राणवायूच्या मदतीने जळते. मग ती जाते कुठे? बहुतेक श्वासावाटे! 10 किलो चरबी जळली, तर 8 किलो 400 ग्रॅम वायू होऊन श्वासातून निघून जाते. बाकीचे पाणी होते. नुसता घाम काढून किंवा पोटाला पट्टा बांधून चरबी जळत नाही. धाप लागेल असे काम करावे लागते.

पूर्वी बायका जात्यावर दळत. पुरुष मोटेमागे चालत. आता गिरणी आली, पंप आला, मोटारसायकल आली. कष्ट हलके झाले, हे चांगलंच झालं. जाते पुन्हा यावे असे आम्ही म्हणत नाही. पण काम कमी झाले आणि ताट मात्र तेवढेच राहिले, हे ध्यानात घ्या.

कणगीत विष

आता आणखी एक गोष्ट. काही विषे लगेच मारतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दुसऱ्या जातीचे विष गुपचूप राहते. डीडीटी त्यातलेच. 1953 पासून हिवताप हटवण्यासाठी ते घरांच्या भिंतींवर फवारले गेले. शेतातही ते वापरत. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. म्हणून चाऱ्यातून ते जनावराच्या चरबीत आणि दुधात उतरते, तिथून आपल्या अंगात येते आणि वर्षानुवर्षे राहते. 1989 साली भारतात शेतीसाठी त्यावर बंदी आली.

आईच्या दुधातही असे विष थोडे उतरते. म्हणून बाळाला पाजणे मात्र थांबवू नका. आईच्या दुधाचा गुण त्याहून फार मोठा आहे.

काही रसायने अंगातल्या रसांच्या कामात ढवळाढवळही करतात. जहाजांच्या रंगातले एक रसायन गाभण उंदरांना दिले, तेव्हा त्यांच्या पिलांत चरबी वाढलेली दिसली. माणसांबाबत शोध चालू आहे.

आपण काय करावे?

आता तुम्हांला वाचता येते. औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते विषच! फवारताना अंगभर कपडे, हातमोजे घाला, तोंड-नाक झाका. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, धान्य ठेवू नका. फवारणीनंतर किती दिवसांनी पीक काढावे, हे चिठ्ठीवर असते. तेवढे दिवस थांबा. भाजी धुऊन घ्या.

ताटात भाकरीबरोबर डाळ-उसळ आणि पालेभाजी वाढवा. चहातली साखर हळूहळू कमी करा. ज्यांचे काम बसून आहे, त्यांनी आठवड्यातून 5 दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावे. मधुमेहाची गोळी चालू असेल, तर उपास करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि आज एक करा. सुतळी घेऊन कमरेचा घेर मोजा. पोट आत ओढू नका! पुरुषांचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा, बायकांचा 80 च्या आत. जास्त भरला, तर दवाखान्यात जाऊन रक्तातली साखर तपासून घ्या. सुतळीला तिथेच गाठ मारून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.