सरीसृपांचा आवाज

सरीसृपांचा आवाज म्हणजे पाली, सरडे, साप, मगरी व कासवे यांनी संपर्कासाठी किंवा बचावासाठी काढलेला ध्वनी होय. बहुतेक सरडे जवळजवळ मूक असतात. पाली मात्र याला ठळक अपवाद आहेत. भिवंडीसह ठाणे जिल्ह्यातील घरांत रात्री ऐकू येणारी पालीची 'चुकचुक' हे याचे परिचित उदाहरण आहे.

ध्वनिनिर्मिती

सरीसृपांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते. पाली व सापांमध्ये फासळ्यांच्या हालचालीने फुप्फुसांतील हवा बाहेर ढकलली जाते. पालीच्या स्वरयंत्रात स्वररज्जू असतात. हवेच्या झोताने ते कंप पावून आवाज निर्माण होतो. बहुतेक सापांना स्वररज्जू नसल्याने हवा अरुंद कंठद्वारातून वेगाने जाताना केवळ फुत्कार उमटतो. मगरींचे स्वरयंत्र अधिक विकसित असते. त्यांची पिल्ले अंड्यातूनच आवाज देतात व तो ऐकून मादी घरटे उकरते.

पालीची चुकचुक

घरपालीच्या (हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस) आवाजाचे तीन प्रकार १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. सलग चुकचुक प्रामुख्याने नर आपल्या हद्दीची जाणीव करून देण्यासाठी करतो. एकच तुटक आवाज संकटात, तर घरघर नरांच्या झुंजीत ऐकू येते. 'मनात शंकेची पाल चुकचुकणे' हा वाक्प्रचार या आवाजाशी जोडलेल्या अपशकुनाच्या समजुतीची आठवण देतो. प्रत्यक्षात त्याचा भविष्याशी संबंध नसतो. घरपाल विषारी नसून ती कीटक खाते.

सापांचे इशारे

महाराष्ट्रातील विषारी सापांपैकी घोणस डिवचली गेल्यास मोठ्याने व दीर्घ फुत्कार टाकते. फुरसे वेटोळी एकमेकांवर घासते व अंगावरील करवतीसारख्या खवल्यांतून खरखर उमटते. हा ध्वनी कंठातून येत नाही. दोन्ही आवाज धोक्याची सूचना असल्याने ते ऐकताच सावकाश मागे सरणे सुरक्षित ठरते. आवाज नसणे ही मात्र सुरक्षिततेची खूण नव्हे. मण्यार अनेकदा झोपलेल्या माणसाला कोणताही इशारा न देता दंश करते.

उत्क्रांती

मूक समजल्या जाणाऱ्या कासवांसह ५३ प्रजातींचे आवाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले गेले. त्यावरून पृष्ठवंशीयांतील ध्वनिसंपर्काचा उगम सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजात असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी मांडला.