स्वस्त माइक, ‘सीन’ आणि ‘साद’

तरावीहची नमाज आटोपते, गल्लीतली वर्दळ ओसरते आणि अनेक घरांत आणखी एक काम सुरू होते. माडीवरच्या खोलीतला पंखा बंद होतो, दाराला कडी लागते आणि कोणी तरी माइकसमोर बसते. कधी अल्लाहची स्तुती करणारी हम्द, कधी पैगंबरांच्या प्रेमाची नात, तर कधी कुरआनची तिलावत. रमजानच्या रात्रीचे हे ध्वनिमुद्रण आखातात नोकरीला असलेल्या वडिलांना जाते, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते आणि घरातली लहान भावंडे तेच ऐकून पाठ करतात.

ऐकून पाठ करतात म्हणूनच हा विषय नुसत्या हौसेचा राहत नाही. अरबीत ‘सीन’, ‘साद’ आणि ‘से’ अशी तीन निराळी अक्षरे आहेत. मराठीत लिहिताना तिन्हींना एकच ‘स’ पुरतो, पण तिलावतीत पुरत नाही. ‘सीन’ हलका, ‘साद’ जड, तर ‘से’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला लागते. अक्षर बदलले तर अर्थ बदलू शकतो, म्हणून उस्ताद त्यावर महिनोन् महिने मेहनत घेतात. स्तोत्र शिकवताना श, ष, स यांचा भेद जपणारे गुरुजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा आग्रह नवा वाटणार नाही.

आता या माइककडे पाहू. घरोघरी दिसणारा लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘बीएम-800’. वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून तो हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. जाळी मोठी, रुबाब स्टुडिओचा. पण अनेकदा आत बसवलेली असते छोटी इलेक्ट्रेट कॅप्सूल. ती कमी प्रतीची असते असे नाही. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी 1962 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये हे तंत्र साधले आणि चांगला माइक सामान्यांच्या खिशाला परवडू लागला. मात्र छोट्या पडद्याच्या कॅप्सूलची स्वतःची खरखर मोठ्या पडद्याच्या चांगल्या कॅप्सूलपेक्षा सहसा जास्त असते.

थोड्या महाग चिनी माइकांची तक्रार वेगळी. न्यूमन या जर्मन कंपनीच्या 1960 च्या ‘यू 67’ आणि 1967 च्या ‘यू 87’ या माइकांतील कॅप्सूलच्या धर्तीवर अनेकांची कॅप्सूल बनते. ती कॅप्सूल मुळातच वरच्या पट्टीत चढी आहे. मूळ माइकातले सर्किट तो चढेपणा उतरवते. स्वस्त नकलेत कॅप्सूल आली, पण उतरवणारे सर्किट बऱ्याचदा आले नाही. म्हणून प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा कानाला टोचतो आणि ‘सीन’-‘साद’ एकाच धारेचे वाटू लागतात.

इथेच माइक उघडून बदल करण्याचा मोह होतो. तो कितपत फायद्याचा, हे ठरवायला एक साधी कसोटी आहे. बदलाने आवाजाचा पोत बदलणार असेल, तर माइक उघडण्याची सहसा गरज नसते. ऑडेसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझर लावून वरची पट्टी थोडी उतरवली, की तो टोचरेपणा बराच निवळतो. नाही पटले तर परत पूर्ववत करता येते. कापलेली तार तशी परत येत नाही. छोटे कपॅसिटर बदलल्याचा फरक तर घरच्या खोलीत कानाला क्वचितच जाणवतो. जाळीचा आतला थर काढला तर आवाज किंचित मोकळा होतो, पण ‘बिस्मिल्लाह’च्या ‘ब’बरोबर फुंकरीचा दणकाही थेट आत जातो.

सॉफ्टवेअरला नीट न जमणारी गोष्ट एकच: माइकची खरखर. ती पुसायला गेले की आवाजाचा श्वासही पुसला जातो. त्यामुळे बदल करायचाच असेल तर तो खरखर कमी करणारा असावा. पण आधी वीज तपासावी. या माइकला बहुधा 48 व्होल्टची फँटम पॉवर अपेक्षित असते. थेट मोबाइल किंवा लॅपटॉपला जोडला, तर त्याला जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. आवाज बारीक येतो, मग तो वाढवताना खरखरही वाढते. अशा वेळी फँटम पॉवर देणाऱ्या साध्या ऑडिओ इंटरफेसवर केलेला खर्च अधिक सार्थकी लागतो. पुढे माइक बदलला तरी इंटरफेस कामी येतो.

दुसरी तपासणी अंतराची. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले, की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. एवढा फायदा फुकट आहे. एक वीत अंतर ठेवावे, तोंड जरा तिरके धरावे, भरतकामाच्या रिंगणात पातळ मलमल ताणून मध्ये लावावी. फरशी आणि उघड्या भिंती असतील तर पाठीमागे आणि बाजूंना गोधड्या टांगाव्यात. ‘साद’चा जडपणा शेजारच्या स्वरात उतरतो, घुमणारी खोली नेमका तोच गढूळ करते. कोणतीही नवी कॅप्सूल हे दुरुस्त करू शकत नाही.

एवढे करूनही शांत क्षणी खरखर ऐकू येत असेल, तर कॅप्सूल बदलण्याला अर्थ आहे. मोठ्या पडद्याची इलेक्ट्रेट कॅप्सूल निवडली तर सर्किटमध्ये फार ढवळाढवळ करावी लागत नाही. खऱ्या कंडेन्सर कॅप्सूलला मात्र वेगळा व्होल्टेज आणि वेगळे सर्किट लागते. त्या भागात सोल्डरचा चिकटा किंवा बोटाचा घाम राहिला तरी नवी खरखर सुरू होते. नवी कॅप्सूल अनेकदा जुन्या माइकच्याच किमतीला जाते. हात बसलेला असेल, किंवा ओळखीचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा शेजारी बसून शिकवणार असेल, तर सौदा वाईट नाही; हुनर हातात राहते. पण ईदीचे पैसे पहिल्याच प्रयोगात जाळून बसणे हा इस्राफ, म्हणजे उधळपट्टीच. रोजा जी सवय लावू पाहतो, तिच्या अगदी उलट.

निवाडा शेवटी कानानेच करावा. जुन्या मांडणीतले आणि नव्या मांडणीतले तेच पठण सारख्याच आवाजात, कोणते कोणते हे न सांगता उस्तादांना ऐकवावे. कोणता आवाज भारदस्त, हे विचारू नये. ‘साद’ कुठे आहे आणि ‘सीन’ कुठे, एवढेच विचारावे.