नेच्याचे कोंब : रानातील अन्न आणि आवश्यक सावधगिरी

ओढ्याकाठी, दाट सावलीत उगवणारा नेचा आपण बहुधा शोभेची वनस्पती म्हणूनच ओळखतो. परंतु हिमालयाच्या उतारांपासून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यापर्यंत नेच्याचे कोवळे कोंब ही नित्याची भाजी आहे. हिमाचल प्रदेशात तिला लिंगडी, उत्तराखंडात लिंगुडा, जम्मूच्या डोंगराळ भागात कसरोड, सिक्कीम व दार्जिलिंगमध्ये निंगरो, तर आसामात ढेकिया म्हणतात. यांतील सर्वांत प्रचलित जात म्हणजे डिप्लेझियम एस्क्युलेंटम. ती पश्चिम घाटातही आढळते.

नेच्याला फूल, फळ वा बी येत नाही. पानांच्या पाठीवरील बीजाणूंपासून प्रथम हृदयाच्या आकाराचे इवलेसे हिरवे पटल तयार होते. त्यावरील फलनास पाण्याचा थर आवश्यक असतो. म्हणूनच ओलावा ही नेच्याची पहिली गरज होय. नवे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले वर येते. ते उलगडण्यापूर्वीच खुडावे लागते. नंतर ते चिवट होते.

खुडलेल्या कोंबांवरील तपकिरी लव चोळून काढतात, ते धुऊन उकळतात आणि मग परततात. आसामात ढेकिया बटाट्याबरोबर, सिक्कीममध्ये निंगरो छुर्पी या चीजबरोबर शिजवितात. हिमाचलात लिंगडीचे लोणचे प्रसिद्ध आहे.

तथापि प्रत्येक नेचा खाण्याजोगा नसतो. ब्रॅकन नावाच्या नेच्यात टॅक्विलोसाइड हे कर्करोगकारक द्रव्य असते. तो दीर्घकाळ चरणाऱ्या गुरांना रक्तमूत्राचा विकार जडतो. ब्रॅकनचे कोंब जमिनीखाली पसरणाऱ्या खोडापासून एकेकटे, दूरदूर उगवतात. डिप्लेझियमचे कोंब गड्ड्यातून झुपक्याने येतात. मात्र केवळ वर्णन वाचून भाजी खुडू नये; जाणकाराकडून खात्री करून घ्यावी.

खाद्य जातीही कच्ची खाणे हितावह नाही. सन १९९४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात व पश्चिम कॅनडात ऑस्ट्रिच नेच्याचे कच्चे वा अर्धवट शिजलेले कोंब खाल्ल्याने अनेकांना मळमळ, उलट्या व जुलाब झाले. म्हणून कोंब भरपूर पाण्यात पूर्ण शिजेपर्यंत उकळावेत आणि ते पाणी फेकून द्यावे.

परसात लागवड करावयाची झाल्यास सावलीची, पालापाचोळ्याने समृद्ध व सतत ओलसर जागा निवडावी. बीजाणूंपासून रोप तयार होण्यास बराच काळ लागतो. त्यापेक्षा पावसाळ्याच्या आरंभी गड्डे विभागून लावणे सोपे. पाणी मात्र साचू देऊ नये.

रानातून तोडणी करताना संयम हवा. पान हेच रोपाचे अन्न तयार करण्याचे साधन आहे. एकाच गड्ड्याचे सर्व कोंब खुडल्यास तो क्षीण होत जातो व पुढे मरतो. प्रत्येक गड्ड्यावर निम्म्याहून अधिक कोंब राखावेत. बाजारात मागणी वाढली की हा नियम प्रथम मोडतो आणि त्याची झळ रानावर उपजीविका असलेल्या कुटुंबांना बसते.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. लोक जैवविविधता नोंदवहीत गावातील रानभाज्यांची नावे, हंगाम, खुडण्याची रीत आणि विषारी साम्य असलेल्या वनस्पती यांची नोंद झाली पाहिजे. हे ज्ञान मुख्यत्वे गावातील वृद्ध स्त्रियांपाशी आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे आणि पंचायत सदस्यांनी त्या माहितीस नोंदवहीत स्थान द्यावे. ओळख टिकली, तरच रानातील हे अन्न निर्धोकपणे पुढील पिढीच्या ताटात पोहोचेल.