बल्बआधी काच पाहा

रात्री घाटात समोरचे नीट दिसेनासे झाले, की अनेक मोटारमालक जादा वॅटचा बल्ब बसवून घेतात. मूळ एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा. त्याजागी १००/९० वॅटचा आला, की वायरिंग व होल्डर तापतात. रिलेविना तो लावणे धोक्याचेच! एलईडीचे दुखणे निराळे. हॅलोजनसाठी घडविलेल्या परावर्तकात प्रकाशाचा उगम किंचित सरकला, तरी झोत विस्कटतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. जुन्या गाडीत खरा दोष पुष्कळदा उन्हाने पिवळ्या पडलेल्या पॉलिकार्बोनेटच्या आवरणाचा असतो (सवयीने त्यालाच ‘काच’ म्हणतात). आधी ते पॉलिश करून झोताची उंची तपासून घ्यावी. मात्र वर अतिनील किरणरोधक लेप न दिल्यास ते पुन्हा पिवळे पडते.