संत शिवॉन : एका आयरिश अभिनेत्रीची कारकीर्द



स्मृतिव्याख्यानासाठी एका आयरिश नटीचा विषय निवडलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. निवडीमागे एक कारण आहे. आपल्या सीमाभागात दर जून महिन्यात, शाळाप्रवेशाच्या वेळी, एक प्रश्न हमखास विचारला जातो : मुलाला मराठी शाळेत घातले तर पुढे त्याचे अडणार तर नाही ना? प्रश्न विचारणारे आईबाप भाषेचे वैरी नसतात. ते काळजीत असतात. त्यांना आकडेवारीने उत्तर देण्याचे सामर्थ्य माझ्या अंगी नाही. मात्र इंग्रजीच्या ऐन शेजारात, किंबहुना तिच्या घरातच, एका लहान भाषेत घडलेली कला पुढे त्या मोठ्या भाषेच्या राजधानीत कशी उभी राहिली, याचे एक उदाहरण मला ठाऊक आहे. ते म्हणजे शिवॉन मॅकेना यांची कारकीर्द.

मॅकेनाबाईंचा जन्म २४ मे रोजी बेलफास्ट येथे झाला. वडील गणिताचे अध्यापक. पुढे ते पश्चिम किनाऱ्यावरील गॉल्वे येथील विद्यापीठ महाविद्यालयात रुजू झाले आणि लहानगी शिवॉन त्या गावची झाली. घरात आयरिश भाषा बोलली जाई. ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हे. १९२२ मध्ये आयर्लंडचे स्वतंत्र राज्य स्थापन झाले, शाळांतून आयरिश भाषा सक्तीची झाली, १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला. पण बाजारात, कचेरीत आणि बहुसंख्य घरांत इंग्रजीच नांदत राहिली. आयरिश ही पश्चिमेकडील काही किनारी पट्ट्यांची आणि थोड्या निष्ठावंत कुटुंबांची भाषा उरली. २०२२ च्या जनगणनेत आपल्याला आयरिश येते असे सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी सांगितले. शाळेबाहेर रोज ती बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच निघाले. मान मोठा आणि वापर थोडा, ही अवस्था किती अवघड असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या गॉल्वे शहरात १९२८ साली ‘आन तायवर्क’ नावाचे आयरिश भाषेचे नाट्यगृह सुरू झाले. त्याच्या उद्‌घाटनाचे नाटक लिहून त्यात भूमिका करणारे मिहॉल मॅक लिआमोर हे गृहस्थ मोठे विलक्षण. ते अस्सल गेलिक घराण्यातले असावेत असे नावावरून वाटते. वस्तुतः ते लंडनमध्ये जन्मलेले इंग्रज, मूळ नाव आल्फ्रेड विल्मोर. आयरिश भाषेच्या प्रेमात पडून त्यांनी ती आत्मसात केली, तीत लेखन केले आणि नावासकट ते आयरिश झाले. भाषा ही रक्तातून येते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तायवर्कमधील मंडळी हौशी होती. नोकरी, शिक्षण सांभाळून संध्याकाळी तालमी होत. आयरिशमध्ये नाटके थोडी, म्हणून भाषांतरांवर भिस्त ठेवावी लागे. आपल्याकडे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ रचला, तीच भूक तेथेही होती. महाविद्यालयात शिकत असतानाच मॅकेनाबाई या रंगमंचावर उभ्या राहिल्या. लेडी मॅक्बेथ त्यांनी प्रथम केली ती आयरिशमध्ये. केवळ संवाद पाठ करून त्या थांबल्या नाहीत, स्वतः भाषांतरेही करू लागल्या. या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वाक्यापाशी थांबून, हे पात्र असेच का बोलते, असा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. नटालाही नेमका हाच प्रश्न पडायला हवा. तालमीच्या घाईत पुष्कळदा तो राहून जातो.

१९४४ मध्ये त्या डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये दाखल झाल्या. या राष्ट्रीय नाट्यगृहाचे सूत्रचालक त्या काळी अर्न्स्ट ब्लाइद होते आणि नटनट्यांना आयरिश आलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. हा आग्रह अनेकांना जाचक वाटला आणि त्यापायी काही गुणी माणसे दुरावली, अशी टीका झाली. तीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण गॉल्वेच्या या मुलीला मात्र तो दरवाजा आपोआप उघडला गेला. १९४६ मध्ये ॲबीतलेच नामांकित नट डेनिस ओडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर लंडनचे रंगमंच, ‘हंग्री हिल’ (१९४७) व ‘डॉटर ऑफ डार्कनेस’ (१९४८) असे काही बोलपट, असा प्रवास सुरू झाला.

आणि मग १९५० साली त्या पुन्हा गॉल्वेच्या त्या लहानशा नाट्यगृहात आल्या, ते बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’चे स्वतः केलेले आयरिश भाषांतर घेऊन. भाषांतराचे नाव ‘सान शिवॉन’.

या नावातच एक गंमत आहे. जुन्या फ्रेंचमधील जे नाव इंग्रजीत ‘जोन’ झाले, तेच आयरिशमध्ये गेल्यावर ‘शिवॉन’ झाले. म्हणजे ‘संत जोन’चे शब्दशः भाषांतर ‘संत शिवॉन’ असेच होते. नटीचे नाव आणि नायिकेचे नाव एक. शिवाय आयरिशमध्ये आपल्या मराठीप्रमाणे संबोधनाचे वेगळे रूप आहे. आपण ‘राम’ला हाक मारताना ‘रामा’ म्हणतो, म्हणजे शब्दाचा शेवट बदलतो. आयरिशमध्ये नावाचे पहिले व्यंजन बदलते आणि ‘शिवॉन’ला हाक मारताना ‘अ हिवॉन’ म्हणावे लागते. आईने अंगणातून मारलेली हाक आणि रंगमंचावर राजाने वा न्यायाधीशाने मारलेली हाक एकच. त्या नटीच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल याची आपण कल्पनाच करावी.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आयरिश भाषेत ‘होय’ आणि ‘नाही’ यांना सरळ प्रतिशब्द नाहीत. ‘आलास का?’ याचे उत्तर ‘आलो’ किंवा ‘न आलो’ असेच द्यावे लागते. प्रश्नातले क्रियापद उचलून परत करावे लागते. आपल्यालाही ‘जेवलास का?’, ‘जेवलो’ ही रीत परिचयाची आहे, पण आपल्याजवळ ‘हो’ म्हणून सुटका करून घेण्याची सोय आहे. आता शॉच्या नाटकातील चौकशीचा प्रवेश डोळ्यांसमोर आणा. धर्मपंडितांचे न्यायासन एका अशिक्षित खेडूत मुलीला प्रश्नामागून प्रश्न विचारीत आहे. तुला ऐकू येणारे आवाज सैतानाचे आहेत हे मान्य करतेस का? तू चर्चची आज्ञा मानतेस का? इंग्रजीत मान डोलावता येते. आयरिशमध्ये ‘मानते’ किंवा ‘मानत नाही’ हे क्रियापद स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागते. प्रत्येक उत्तर ही एक लहानशी शपथच होते. या प्रवेशाला आयरिशमध्ये जो कस येऊ शकतो तो मूळ इंग्रजीतही नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

शॉ म्हणजे नुसती बौद्धिक चकमक, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खोटा आहे हे ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेल्या ‘ती फुलराणी’ने १९७५ मध्ये मराठी प्रेक्षकांना पटवून दिलेच आहे. भक्ती बर्वे यांची फुलराणी आठवा. शॉची माणसे आपापल्या बोलीत जगतात. जोन ही लोरेन प्रांतातील खेड्यातली पोर. तिला राजदरबाराची भाषा येत नाही आणि येत नाही याची खंतही नाही.

१९५३ मध्ये डब्लिनला, मॅक लिआमोर आणि त्यांचे सहकारी हिल्टन एडवर्ड्‌स यांच्या मंडळीबरोबर मॅकेनाबाईंनी हीच भूमिका इंग्रजीतून केली. १९५४ मध्ये ती लंडनच्या आर्ट्‌स थिएटरमध्ये गेली. त्या काळी लंडनच्या रंगमंचावर अभिजात भूमिका म्हटली की शुद्ध, घोटीव, दक्षिणी इंग्रजी उच्चार, असा अलिखित दंडक होता. १९२४ साली लंडनमध्ये सिबिल थॉर्नडाइक यांनी ही भूमिका प्रथम केली, त्यांची थोर परंपराही समोर होती. मॅकेनाबाईंनी आपली जोन पश्चिम आयर्लंडच्या ग्रामीण हेलात बोलविली. प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने १९५५ मध्ये नाट्यपुरस्कार सुरू केले, तेव्हा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलाच पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी मिळाला. १९५६ मध्ये ही जोन न्यूयॉर्कच्या फिनिक्स थिएटरमध्ये पोहोचली आणि ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली.

हे यश केवळ ‘गावरान’ उच्चाराच्या नावीन्याचे होते, असे मी मानत नाही. माझ्या मते भूमिकेची मुळे आयरिशमध्ये आधीच खोल गेली होती. शॉचे मूळ इंग्रजी संवाद हेच त्यांच्यापुरते जणू भाषांतर ठरले होते आणि ज्याला आपल्या भाषेतला अर्थ आधी सापडला आहे, त्याला परभाषेतल्या शब्दांची भीती उरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये ‘द चॉक गार्डन’ (१९५५) आणि ‘द रोप डान्सर्स’ (१९५७) या नाटकांतील कामांसाठी त्यांना टोनी पुरस्काराची नामांकने मिळाली. १९५७ मध्ये तर त्यांनी तेथे चक्क हॅम्लेट साकारला. चित्रपटांविषयी मात्र फार लांबण लावावीशी वाटत नाही. निकोलस रे यांच्या ‘किंग ऑफ किंग्ज’ (१९६१) मध्ये त्या येशूची माता मेरी होत्या; डेव्हिड लीन यांच्या ‘डॉक्टर झिवॅगो’ (१९६५) मध्ये त्यांनी ॲना ग्रोमेको ही गृहस्वामिनी केली. जगभर लाखो लोकांनी त्यांना पाहिले ते याच चित्रपटात, तेही काही मिनिटेच. सिंगच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’वरील १९६२ च्या चित्रपटात त्यांची रंगभूमीवर गाजलेली पेगीन माइक आहे, पण चाळिशीच्या उंबरठ्यावरील नटीने विशीतली मुलगी करावी, हे रंगमंचावर खपते, कॅमेरा इतका उदार नसतो. त्यांचा खर्जातला, भरदार आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी घडलेला होता. तो खरा ऐकावा तो जेम्स जॉइसच्या मॉली ब्लूमच्या स्वगताच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात, किंवा १९७० पासून त्यांनी एकटीने केलेल्या ‘हिअर आर लेडीज’ या प्रयोगात. शॉ, सिंग, ओकेसी, जॉइस, बेकेट यांच्या स्त्रिया एका बाईच्या मुखातून एकामागून एक बोलत. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओ डाली यांनी त्यांना आपल्या सल्लागार राज्यमंडळावर नेमले. एका नटीला हा मान मिळाला याचे आपल्याला कौतुक वाटावे.

आता शेवटच्या भूमिकेविषयी. गॉल्वे येथील महाविद्यालयीन नाट्यमंडळातून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी १९७५ मध्ये ‘ड्रुइड’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. तिने ५ डिसेंबर १९८५ रोजी टॉम मर्फी यांचे ‘बाल्यगनगारे’ हे नवे नाटक रंगमंचावर आणले. दिग्दर्शिका होत्या गॅरी हाइन्स. शीर्षकाचा अर्थ ‘हास्य नसलेले गाव’. खेड्यातले एक गवताने शाकारलेले घर, स्वयंपाकघरात मांडलेला पलंग आणि त्यात बसलेली, स्मृतिभ्रंश झालेली आजी. ती रोज रात्री एकच गोष्ट सांगते : त्या गावाला हे नाव का पडले. गोष्ट रोज सुरू होते आणि रोज शेवटाआधी थांबते. सेवा करून थकलेली नात मेरी त्या रात्री हट्टाला पेटते, गोष्ट पुरी कर म्हणून. हळूहळू प्रेक्षकांच्या ध्यानात येते की, गोष्टीतले परके जोडपे म्हणजे ती आजी आणि तिचा नवराच, आणि शेवट ती टाळते आहे, कारण त्या शेवटापाशी तिच्या नातवाचा मृत्यू आहे.

या आजीची भाषा इंग्रजी आहे खरी, पण तिच्या खालून आयरिश वाहते. मधूनच अख्खे आयरिश शब्द येतात, वाक्यांची घडण आयरिश वळणाची होते. ज्या लोकांनी एका पिढीत भाषा बदलली, त्यांच्या जिभेवर जुनी भाषा अशीच रेंगाळते. हे बोल सहजपणे पेलण्यासाठी दोन्ही भाषांत मुरलेली नटीच हवी होती. नाटक पुढे १९८६ च्या आरंभी लंडनला गेले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबर रोजी डब्लिनमध्ये मॅकेनाबाईंचे निधन झाले. दफनासाठी त्यांना गॉल्वेला, राहून येथील दफनभूमीत नेण्यात आले. तायवर्कचे नाट्यगृह आणि ड्रुइडचा रंगमंच त्याच शहरात, एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत.